चाकोरी : ती चार मिनिटं कोणाची?

या वेळच्या पत्रांत वजनाचे आकडे इतके आलेत की भलत्याच सदराचं टपाल माझ्याकडे आलं की काय, असं वाटलं. कुणाच्या सायकलीची फ्रेम ९०० ग्रॅमची, कुणाची चाकं १,४५० ग्रॅमची, एकाने तर बाटलीच्या पिंजऱ्याचंही वजन कळवलंय. स्वतःचं वजन मात्र एकाच वाचकाने लिहिलं. म्हणून पहिला मान त्यांना.

प्रश्न : ताई, मी आणि माझा मित्र गेली तीन वर्षं दर रविवारी एकत्र सायकल चालवतो. सहा महिन्यांपूर्वी त्याने कार्बनची सायकल घेतली, ७.४ किलोची. तिला पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ दातांच्या चक्र्या. माझी अ‍ॅल्युमिनियमची, ९.६ किलोची, पुढे ५२-३६ आणि मागे ११-२५. त्याची जुनी सायकलही अशीच होती. सपाटीवर आम्ही आजही बरोबरीने असतो. पण पाच किलोमीटरचा, सहा टक्क्यांचा एक चढ आहे. तिथे पूर्वी तो दीड-दोन मिनिटं आधी पोचायचा. आता तो २६ मिनिटांत वर असतो आणि मला ३० लागतात. माझं वजन ८१ किलो. मीही कार्बन घेऊ का? – मागे राहिलेला

उत्तर : घ्यावीशी वाटत असेल तर जरूर घ्या. नव्या सायकलीच्या आनंदावर विरजण घालणाऱ्यांतली मी नाही. पण ती चार मिनिटं परत मिळवायला म्हणून घेणार असाल, तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसू.

तुम्ही ८१, सायकल ९.६, बाटल्या, बूट, कपडे, पंप मिळून दोन किलो धरा. चढावर ओढायचा बोजा झाला ९२.६ किलो. मित्राची सायकल तुमच्या सायकलीपेक्षा २.२ किलोने हलकी, म्हणजे एकूण बोजाच्या सुमारे २.४ टक्के. चढावर बहुतेक सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते, त्यामुळे वेळही जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. ३० मिनिटांचे २.४ टक्के म्हणजे ४३ सेकंद. तेही हवेचा अडथळा शून्य धरून, म्हणजे तुमच्या बाजूने माप झुकतं ठेवून. चार मिनिटांतून ४३ सेकंद वजा केले की तीन मिनिटं १७ सेकंद उरतात आणि त्यांचा हिशोब कार्बन देऊ शकत नाही.

त्यातली दीड-दोन मिनिटं तर तुमच्या मित्राची आधीपासूनचीच आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. राहिलेल्या सव्वा ते पावणेदोन मिनिटांचं उत्तरही तुमच्याच पत्रात आहे, फक्त ते तुम्ही वजनाच्या खाली लिहिलंत.

तुमचा सगळ्यात हलका गिअर ३६ ला २५. पेडलच्या एका फेरीत मागचं चाक १.४४ वेळा फिरतं आणि सायकल तीन मीटरच्या वर थोडी पुढे जाते. अर्ध्या तासात पाच किलोमीटर जायचं तर मिनिटाला १६७ मीटर, म्हणजे पेडलच्या ५५ फेऱ्या. मित्राचा ३४ ला ३२. तो एका फेरीत सव्वादोन मीटर जातो आणि मिनिटाला ८५ फेऱ्या मारतो. तुम्ही गुडघ्यांनी वजनं उचलताय, तो पाय फिरवतोय. सपाटीवर हे लक्षात येत नाही, कारण तिथे तुमच्या दोघांकडेही हवे ते गिअर आहेत.

माझा सल्ला असा की मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, ११-३२ करून पाहा. मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा आखूड असेल तर त्याला ३२ दातांची चक्री झेपणार नाही, मग लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागेल. चेनही चार-दोन कड्यांनी लांब घ्यावी लागेल. तेवढं केलंत की त्याच वेगाला तुमच्या ५५ फेऱ्यांच्या ७० होतील. दोन महिने तसं चालवा आणि मग पुन्हा घड्याळ लावा.

मोठी चक्री लावण्यात कमीपणा वाटत असेल तर एक जुनी गोष्ट सांगते. तूर द फ्रान्स या शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज याचा डिरेलरला कडवा विरोध होता. गिअर बदलणं म्हणजे दुबळेपणा, असं त्याचं मत. त्या काळी शर्यतीतले सायकलपटू चढाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण चाकाच्या दुसऱ्या बाजूला मोठी चक्री असायची. देग्रांज १९३६ मध्ये बाजूला झाला आणि १९३७ पासून डिरेलर चालू लागले. जगातल्या सगळ्यात कसलेल्या पायांनाही हलका गिअर हवाच होता. तुम्ही तर रविवारचे गडी.

आणखी एक विचारते, रागावू नका. तो मित्र हल्ली आठवड्यात मधल्या वारीही बाहेर पडतो का? नवी सायकल घरात आली की माणूस बुधवारी पहाटेही उठतो. त्या बुधवारांचं श्रेय मग फ्रेमला मिळतं.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही एका वाचकाला २८ मिलिमीटरचे टायर घेऊन हवेचा दाब ७० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास ठेवायला सांगितलंत. मी वीस वर्षं २३ चे टायर १२० वर चालवतोय. टायर दगडासारखा असला की सायकल सुसाट पळते, हे मला अंगाला जाणवतं. तुमचा सल्ला ऐकून १०० वर आणली तर चिखलात चालवल्यासारखं वाटलं. तुम्हीच पूर्वी याच सदरात ‘टायर कडक हवा’ असं लिहिलं होतं. खरं काय? – एकशेवीसवाला

उत्तर : पकडलंत. लिहिलं होतं, आणि चूक लिहिलं होतं. मीही वीस वर्षं १२० वाली होते. दर पहाटे पंपावर पोट टेकून शेवटचे दहा पीएसआय कोंबायची आणि ते भरल्याचा अभिमानही बाळगायची.

तुम्हाला अंगाला जाणवतं तो वेग नसतो, थरथर असते. कडक टायरमधून रस्त्याचा प्रत्येक खडा हातापायांपर्यंत येतो आणि मेंदू त्या गुणगुणीला वेग समजतो. पण थरथरीलाही ताकद लागते आणि ती पुरवतात तुमचेच पाय. प्रत्येक खड्यावर सायकल आणि तुम्ही केसभर वर उचलले जाता, तुमची मांडी-पोट हलतं आणि पुढे जायची ताकद तिथे जिरते. काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर हवा वाढवाल तसा फायदा होत राहतो. खऱ्या रस्त्यावर एका मर्यादेनंतर तोटा सुरू होतो, आणि रस्ता जितका खडबडीत तितकी ती मर्यादा खाली येते.

रुंदीचं असं आहे. चाकावर ४० किलो भार असेल आणि हवा १०० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सात किलोच्या आसपास, तर टायर जमिनीला जेमतेम सहा चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब तोच ठेवला तर टायर २३ चा असो वा २८ चा, हा ठसा तेवढाच राहतो. आकार मात्र बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि पसरट. लांब ठशात टायरची भिंत जास्त वाकते, आणि वाकण्यात ताकद जाते. म्हणून सारख्या दाबाला रुंद टायर हलका धावतो. मग दाब थोडा उतरवून तुम्ही त्या फायद्याच्या बदल्यात आराम आणि पकड विकत घेता.

मला हे पटवून घ्यायला एक उतार लागला. रस्ता मध्यम खडबडीत, वारा पडलेला. वरून पाय न मारता सुटायचं, एकाच पवित्र्यात बसायचं आणि सायकल जिथे थांबेल तिथे खडूची रेघ ओढायची. १२०, १०० आणि ८०, प्रत्येकी पाच खेपा, टायर २५ चे. १२० च्या रेघा सगळ्यात मागे पडल्या. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तेच केलं, कारण माझाच विश्वास बसेना. तुमच्याकडे तसा उतार असेल तर माझ्या शब्दावर जाऊ नका, खडू घेऊन जा.

१०० वर चिखलात चालवल्यासारखं वाटतं ते गुणगुण थांबल्यामुळे. दोन आठवडे वाटेचं घड्याळ बघा, अंगाचं ऐकू नका.

आकडे हवेत तर, माणूस ७५ किलोचा, टायर २८ चे, आत ट्यूब, तर पुढे ६५ ते ७० आणि मागे ७० ते ७५ पासून सुरुवात करा. मागच्या चाकावर भार जास्त म्हणून मागे जास्त. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली, साप चावल्यासारखी, तर हवा कमी पडतेय असं समजा. तुमच्या जुन्या फ्रेममध्ये २८ बसतीलच असं नाही. ब्रेकखालची आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंची जागा मोजल्याशिवाय टायर आणू नका. आणि टायर अडकवायला कडेला हुक नसलेली नवीन धाटणीची रिम असेल तर पाच बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही वरची हद्द आहे. रिमवर किंवा टायरवर याहून कमी आकडा छापलेला असेल तर तोच धरायचा. तिथे १२० चा हट्ट केलात तर टायर रिमवरून उडेल.

प्रश्न : पॅड लावलेल्या सायकलिंग शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालावं का? विचारायला संकोच वाटतो. – नाव नको

उत्तर : नाही. शॉर्टला आत शिवण येणार नाही याची काळजी घेतलेली असते, तुम्ही ती शिवण परत आत नेता. दर राइडनंतर धुवा. संकोच तुमच्यासारख्याच अनेकांना वाटतो, म्हणून तर ते गप्प राहून मलम लावत बसतात.

प्रश्न : तीन तासांच्या वर सायकल चालवली की माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. जेलचे हातमोजे घेतले, हँडलला जाड टेप गुंडाळली, तरी तेच. आमच्या गटातली एक जण म्हणते, हँडल बदल. दुसरी म्हणते, कार्बनचं घे, हादरे कमी होतात. तुमच्याकडे कोणते हातमोजे आहेत? – सुन्न

उत्तर : माझे हातमोजे साधे आहेत, आणि तुमच्या बोटांच्या बधिरपणाचा उगम बहुतेक हातात नाही, सॅडलवर आहे.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला जाणारी नस तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाते. तिच्यावर तासन्‌तास भार पडला की ती दोन बोटं बधिर होतात. प्रश्न असा की एवढा भार तळव्यावर आला कुठून? सॅडलचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सारख्या पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहता. सॅडल फार पुढे असेल तरी धड हातांवर येतं. हँडल फार लांब किंवा फार खाली असेल तरी तेच.

मी हे फार महागात शिकले. ३०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) निघायच्या आदल्या रात्री ‘थोडं बरं वाटेल’ म्हणून सॅडलचं नाक दोन बोटं खाली केलं. त्या रात्री बरं वाटलंही. दुसऱ्या दिवशी दोनशेव्या किलोमीटरला डावा हात ब्रेकवर आहे की नाही हे बघून ठरवावं लागत होतं. पुढचे दोन आठवडे मला कुलपात किल्ली फिरवता येत नव्हती. मोठ्या राइडच्या आदल्या रात्री सायकलीच्या कुठल्याही बोल्टला हात लावायचा नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

तुम्ही असं करा. सायकल सपाट जागी उभी करून सॅडलवर लांब पट्टी ठेवा, तिच्यावर गवंड्याची पाणपातळी ठेवा आणि सॅडल समतल करा. मग उंची. भिंतीला टेकून बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलायला नको. पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. आता सॅडल पाच मिलिमीटर मागे. एका वेळी एकच बदल, आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण, आणि त्या बदलावर किमान दोन लांब राइड. चार गोष्टी एकदम हलवल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

हात एकाच जागी ठेवू नका. ब्रेकच्या मुठी, वरचा आडवा दांडा, खालचा बाक, दर दहा मिनिटांनी जागा बदला. कोपर ताठ नको. आणि बोटांतली ताकद कमी झाल्यासारखी वाटली, किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर सायकल भिंतीला लावून डॉक्टरांकडे जा.

मैत्रिणींना सांगा, नाचता येईना अंगण वाकडं, हे हँडललाही लागू आहे.

प्रश्न : आम्ही सहा जण एकत्र जातो. एक जण कायम सगळ्यांच्या मागे चिकटून असतो, पुढे वारा कापायला कधीच येत नाही. दुसरा पुढे आला की लगेच वेग तीनने वाढवतो. तिसरा शेजारी चालवताना सतत अर्धं चाक पुढे ठेवतो. मग राइड संपली की सरासरी वेगाची तुलना! माझी २७, चिकटूची ३१. – वैतागलेली

उत्तर : तिघांनाही ओळखते. प्रत्येक गटात ते असतात, आणि मधला माझ्या गटात मी होते.

तीसच्या वरच्या वेगाला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. अगदी मागे चिकटलेल्याला पुढच्यापेक्षा पाव ते एक तृतीयांश ताकद कमी लागते. त्यामुळे एकत्र चालवूनही दोघांचे कष्ट एकाच फूटपट्टीवर मोजता येत नाहीत. आणि ३१-२७ चं म्हणाल तर त्याचा मीटर थांबा आला की आपोआप बंद पडतो, तुमचा चालू राहतो का, तेही बघा. निम्मी भांडणं त्या एका सेटिंगने मिटतात.

वेग वाढवणारा दुष्ट नसतो. मागे बसून त्याचे पाय ताजे असतात, पुढे आला की त्याच ताकदीवर चालवायचा प्रयत्न न करता तो मागचा आवेश तसाच पुढे आणतो. त्याला सांगा, पुढे येताना मीटरवरचा आकडा बघायचा आणि तोच ठेवायचा. वाढवायचाच असेल तर पुढे राहण्याच्या पाळीच्या शेवटी नाही, पूर्ण गट जुळल्यावर. पाळी दोन मिनिटांची ठेवा. दमलेल्याने तीस सेकंदात बाजूला व्हावं, त्यात लाज नाही.

चिकटूला एकदाच विचारा, दमतोस की घाबरतोस? मागचा माणूस बऱ्याचदा पुढे यायला घाबरतो, कारण खड्डा दाखवणं, हात करणं, ओरडणं हे पुढच्याचं काम असतं आणि ते त्याला कुणी शिवलेलं नसतं, म्हणजे शिकवलेलं नसतं. (शॉर्टचं उत्तर अजून डोक्यात आहे.) अर्ध्या चाकवाल्याला मात्र औषध नाही. त्याच्या शेजारी मला द्या, मी हळू होत जाते. शेवटी तो एकटाच पुढे असतो आणि त्याला बोलायला कुणी उरत नाही.

सरासरीबद्दल एक हिशोब देते. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरापेक्षाही कमी. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हे फ्रान्समधलं ब्रेव्हे १,२०० किलोमीटरचं, कमाल मुदत ९० तास, ताशी साडेतेराच्याही आत. हे आकडे ऐकून लोक हसतात आणि मग वेळेत पोचत नाहीत. माझ्या त्या ३०० मध्ये सायकल चालताना सरासरी २४ होती, आणि पोचायला साडेसतरा तास लागले. चालवण्यात साडेबारा गेले. उरलेले पाच तास मी उभी होते, बाटली भरत, मोजे काढत, फोनवर बोलत, कुणाचं तरी पंक्चर बघत.

प्रश्न : चेन किती किलोमीटरला बदलावी? – तेलकट

उत्तर : किलोमीटर विसरा, पट्टी घ्या. एका पिनेपासून मोजायला लागून २४ अंतरं मोजा. नवीन चेन ३०४.८ मिलिमीटर भरते. अकरा किंवा बारा गिअरच्या कॅसेटवर ३०६.३ झाली की बदला, थांबलात तर कॅसेटही बदलावी लागेल. चेन पुसल्याशिवाय तेल घालू नका. मातीवर तेल घातलं की तयार होतं ते पॉलिश पेपरचं काम करतं.

प्रश्न : सगळ्यांना सल्ले देता, तुमच्याकडे कोणती सायकल आहे ते कधीच सांगत नाही. – उत्सुक

उत्तर : दोन आहेत. एक कार्बनची, बाटल्या रिकाम्या ठेवून ८.१ किलो, गिअर विजेवर चालणारे, बटण दाबलं की ‘टिक’. दुसरी पोलादी, १०.४ किलो, तिचे गिअर बदलायचे दांडे खालच्या तिरक्या नळीवर. ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत देणाऱ्या शिमानोच्या मुठी १९९० मध्ये आल्या, त्याच्या आधीच्या पिढीची ती. गिअर बदलायचा तर हँडलवरचा एक हात सोडून खाली न्यावा लागतो, म्हणून चढ लागायच्या आधीच बदलावा लागतो. ती सवय हाडात इतकी मुरलीय की कार्बनवरही मी वळणाआधीच बटण दाबते, आणि मागच्यांना वाटतं हिला चढ आधीच दिसला.

माझ्या नेहमीच्या चढावर पोलादी सायकलीला २८ मिनिटं लागतात, कार्बनला त्याहून पाऊणएक मिनिट कमी. वहीत दोन्हींच्या नोंदी आहेत. पण त्याच वहीत एकाच सायकलीच्या लागोपाठच्या दोन मंगळवारांत दोन मिनिटांचा फरक आहे, आणि समोर फक्त लिहिलंय, ‘झोप नाही’.

लांबच्या वाटेला बहुतेक वेळा पोलादी बाहेर निघते. तिच्या वरच्या नळीवर भिंतीला टेकवून-टेकवून रंग गेलाय, तिथे माझा हात बरोबर बसतो. या आठवड्यात मात्र ती घरीच आहे. पुढच्या ब्रेकची वायर मुठीपाशी उसवलीय, दोन धागे तुटलेत. आज संध्याकाळी बदलायची आहे.